साठ मोजेपर्यंत

माझं काम आधी सांगतो. टेबलाच्या मधोमध बसून पत्ते वाटायचे, आणि समोरच्या माणसाला विचार करायला किती वेळ द्यायचा ते बघायचं. पत्ते वाटणं कुणालाही शिकवता येतं. वेळेचं मला कळतं, असं मी पस्तीस-चाळीस वर्षं धरून चाललो होतो.

यंदाच्या चैत्रात माझी बायको अनसूया वारली. त्याच्या आधी, फाल्गुनात, तिच्या पायाचा एक निर्णय घ्यायचा होता. तो मी एका दमात घेतला आणि चुकीचा घेतला. गुरुजी, म्हणजे आपल्या अंकाचे संपादक, म्हणाले होते की धंद्यातल्या गमतीजमती लिहा, वाचणाऱ्याला बरं वाटेल. गमती आहेत, त्याही लिहितो. पण मी बसलोय तो त्या निर्णयाबद्दल लिहायला. दिवाळीचं असं काही वाचायचं नसेल तर पान उलटा, मला राग येणार नाही.

शिक्षण सातवी. ऱ्हस्व-दीर्घ गुरुजींनी बघितलंय. बाकी हात लावू नका म्हणून मी त्यांना सांगितलंय.

सुरुवात भोरला झाली. तिथं एक रमीचा क्लब होता, वर माडीवर. मी पाणी द्यायला लागलो आणि वर्षभरात पत्ते पिसायला लागलो. बोटं चलाख होती. आठवडाभर भोरात राहायचं, एक दिवस एसटीनं वेल्ह्याकडं गुंजवण्याला घरी. शेती अनसूया बघायची. पुढं धरण झालं, आमची खालची खाचरं पाण्यात गेली, वरची दोन राहिली. धरणाच्या पाण्याकडेला पुण्याच्या लोकांनी बंगले बांधले. त्यातल्या एका बंगल्याच्या शेठला असा माणूस पाहिजे होता, ज्याला पत्ते वाटता येतात आणि तोंड बंद ठेवता येतं. दोन्ही जमत होतं. घरापासनं पायी वीस मिनिटं. मग भोर सोडलं.

बंगल्यात रमी नव्हती, पोकर होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मधे पाच पानं सगळ्यांची म्हणून हळूहळू उघडतात. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचा हात भारी, तो जिंकतो. पण दर फेरीला प्रत्येकाला बोलावं लागतं. पैशांच्या जागी रंगीत चकत्या लावायच्या, दुसऱ्यानं लावल्यात तेवढ्या भरायच्या, नाहीतर पानं टाकून गप बसायचं. एवढंच बोलायचं असतं. आणि हे एवढंच बोलायला माणसं काय काय करतात. कोण डोकं खाजवतो. कोण छताकडं बघतो, जसं वर लिहून ठेवलंय. कोण चहा मागवतो.

शनिवार-रविवारी दुपारची जेवणं झाली की बसायचे आणि दिवेलागणीला उठायचे, कारण पाबे घाटातनं अंधारात गाडी न्यायची त्यांना भीती. हे कायद्यात बसतं का नाही यावर त्यांच्यातलेच दोन वकील भांडायचे. मला कधी कळलं नाही. पुढं एका पावसाळ्यात शेठनं बंगला विकला आणि सगळं थांबलं. तोवर मी अकरा वर्षं तिथं बसलो.

आता वेळेचं. एखादा फार वेळ लावायला लागला की दुसरा भिडू म्हणू शकतो, "काका, वेळ लावा." मग मी साठ मोजायचे. साठच्या आत बोलला तर बोलला, नाही तर त्याचा हात मेला. त्याची पानं मी ओढून घ्यायची. बोलीच्या कितीही चकत्या मधे पडलेल्या असोत.

मी घड्याळ लावत नव्हतो, तोंडानं मोजायचो. आमच्याकडं खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. बापानं तसं शिकवलं, जीभ तशीच वळली. पहिल्याच दिवशी मी टेबलावर "लाभ" म्हणालो आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

पुण्याचा एक बिल्डर होता, कायमचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "काका, लाभ कुणाला? त्याला का मला?"

मी म्हणालो, "जो आत्ता उठून घरी जाईल त्याला."

हसले सगळे. उठलं कोणी नाही.

ह्याच बिल्डरनं एकदा मोबाईल लावून माझं मोजणं तपासलं. माझे साठ म्हणजे घड्याळाचे एकाहत्तर निघाले. म्हणाला, "काका, तुमचं मिनिट वेल्ह्याचं आहे."

"हितं समदंच वाईच उशिरा येतं साहेब. एसटी बी."

मग तेच मिनिट टेबलाचं मिनिट ठरलं. कुणी तक्रार केली तर बिल्डरच म्हणायचा, इथं वेल्ह्याचं मिनिट चालतं.

हा बिल्डर स्वतः मोठा नाटकी. हात फालतू असला की झटक्यात टाकायचा. हात भारी असला की कपाळ धरायचा, उसासे टाकायचा, "काय करू, काय करू" म्हणायचा, चार चार मिनिटं. नवीन माणूस फसायचा. मला टेबलाखालनं त्याचे पाय दिसायचे. भारी हात आला की चपला काढून अंगठ्यावर अंगठा चोळायचा. ते मी कुणाला सांगितलं नाही. पत्तेवाल्यानं सांगायचं नसतं. पण त्याच्यावरनं मी एक शिकलो, असं मला वाटलं. खरा निर्णय माणसाचा पहिल्याच दमात झालेला असतो. पुढचा वेळ नुसता नाटकाचा, नाहीतर भीतीचा. जो फार वेळ लावतो त्याला एकतर दुसऱ्याला फसवायचंय, नाहीतर स्वतःला. हे मी अगदी पक्कं धरलं. घरीही बोलायचो. अनसूया कुठलं लुगडं घेऊ म्हणून वेल्ह्याच्या बाजारात दोन दुकानं फिरली की मी म्हणायचो, "पयलं आवडलं ते घे, अन चल." ती म्हणायची, "तुमचं टेबल न्हवं हे." आणि तिसऱ्या दुकानात जायची.

टेबलावर एकच बाई होत्या. भोरच्या, बँकेतनं रिटायर झालेल्या, साठी उलटलेल्या. पांढरी वेणी, जाड चष्मा. त्यांचं वेगळंच होतं. पानं एकदा बघायच्या, त्यावर बोट ठेवायच्या, आणि बरोबर ठरलेला वेळ घेऊन बोलायच्या. मी मनात मोजलं. सात. पानं काहीही असोत, सात.

एकदा चहाच्या वेळेला विचारलं, "बाई, कचरा आला तरी सात अन दोन राजे आले तरी सात. कशापायी?"

"तुम्ही मोजताय ना काका, म्हणून," त्या म्हणाल्या. "सगळेच मोजतात. माझा वेळ बघून कुणाला माझा हात कळायला नको."

मी त्यांना माझा पहिल्या दमाचा विचार सांगितला. त्यांना पटला नाही. बशीत चहा ओतत म्हणाल्या, "जो हात तुम्ही हजारदा बघितलाय त्याला पहिला विचार बरोबर असतो. जो हात आयुष्यात पहिल्यांदा आलाय त्याला पहिला विचार कुठला काका? तिथं नुसती भीती बोलते. लोक चार चकत्यांना तास लावतात, आणि सगळं लावायची पाळी आली की घाबरून उडी मारतात. कर्जाच्या टेबलावर तीस वर्षं हेच बघितलं मी."

मी "व्हय बाई" म्हणालो आणि कप उचलले. ऐकलं होतं, घेतलं नव्हतं.

आता एक वाईट गोष्ट. ती लिहू का नको असं झालं होतं, पण ती सोडून बाकीचं लिहिलं तर लबाडी होईल.

वरव्याजवळ एकांचं छोटं वर्कशॉप होतं. गाड्यांचे सुटे भाग करायचे. पन्नाशीचे, अबोल, सरळ माणूस. वर्कशॉपवाले साहेब म्हणायचो आम्ही. त्या रविवारी मधे बऱ्याच चकत्या पडल्या होत्या आणि पाळी त्यांची होती. ते पानांकडं बघत बसले. एक मिनिट झालं, दोन झाली. ते कधी वेळ लावत नसत, म्हणून सगळे थोडे कौतुकानंच थांबले. तीनेक मिनिटांनी बिल्डर म्हणाला, "काका, लावा वेळ. साहेबांना आमच्याकडनं नाटक लागलंय."

मी म्हणालो, "साहेब, वेळ लागला. लाभ. दोन. तीन."

ते हलले नाहीत. वीस झाले. तीस झाले. चाळीसला त्यांच्या डाव्या हातातनं एक पान निसटून टेबलावर पडलं, पालथंच. मला वाटलं, विचारात आहेत. पन्नासनंतर दोघं-तिघं हसत माझ्याबरोबर मोजायला लागले. मी साठ म्हणालो आणि म्हणालो, "हात मेला." त्यांची दोन्ही पानं ओढून गड्डीत घातली. तेव्हा कुठं बँकेतल्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्यांच्या तोंडाकडं बघा."

डाव्या बाजूनं लाळ गळत होती. झटका आला होता. गाडीत घालून पुण्याला नेलं. जगले. डावी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं.

महिन्याभरानं त्यांच्या बायको बंगल्यावर आल्या, त्यांची राहिलेली बॅग न्यायला. शेठ बाहेर गेले होते. मला म्हणाल्या, "मोजत होता ते तुम्हीच का?"

"हो बाई."

"किती वेळ?"

"आधी तीन मिनिटं गप होते. मग मी साठ मोजले."

"म्हणजे चार मिनिटं."

"माझे साठ जरा लांब असतात."

त्यांनी बॅग खांद्याला लावली. मग म्हणाल्या, "त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते मला तसं लिहून दाखवतात. तुमचे आकडे कळत होते, फक्त तोंड उघडत नव्हतं."

बॅग घेऊन गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी एक नियम केला. शेठला विचारलं नाही, माझा मीच केला. वेळ लावायच्या आधी त्या माणसाच्या खांद्याला हात लावायचा आणि विचारायचं, "साहेब, बरं हाय ना?" त्यानं तोंडानं उत्तर दिलं तरच मोजायला लागायचं. मान हलवलेली चालणार नाही. पहिल्यांदा सगळे गंभीर होते. मग त्याचीही चेष्टा झाली. बिल्डर नाटक करायला बसला की दुसरे आधीच ओरडायचे, "काका, खांदा." पण नियम मी शेवटपर्यंत सोडला नाही.

अजून एक नियम, तो सगळीकडंच असतो. ज्याची पाळी त्यानंच बोलायचं. बाजूच्यानं "टाक", "भर" असं म्हणायचं नाही. एकानं आपला मेव्हणा शेजारी बसवला होता. मेव्हण्याची पाळी आली की हाच बोलायचा, "टाक रे, टाक." दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी त्याला टेबलावरनं उठवला. तो म्हणाला, "काका, मी त्याच्या भल्याचंच सांगतोय."

मी म्हणालो, "भल्याचं असलं तरी पाळी त्यांची हाय. उठा."

तेव्हा मला फार अभिमान वाटला होता माझा.

आता अनसूयेचं.

तिला शुगर होती बरीच वर्षं. गोळ्या घ्यायची, मधेच सोडायची. तळपायाला मुंग्या येतात म्हणायची, मग मुंग्या थांबल्या, आम्हाला वाटलं बरं झालं. मुंग्या थांबल्या म्हणजे पायाची जाण गेली, हे आम्हाला नंतर कळलं. माघ संपता संपता आम्ही राब भाजत होतो. पावसाआधी भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, शेण, पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. ती कडेनं माती सारत होती. राखेखाली इंगळ होता, त्यावर तिचा उजवा पाय पडला. तिला कळलंच नाही. संध्याकाळी पाय धुताना मला करपल्याचा वास आला. मी म्हणालो, "काय जळालं गं?" ती म्हणाली, "चुलीत बघा." वास तिच्या टाचेचा होता.

हळद लावली, मलम लावलं. वेल्ह्याच्या दवाखान्यात पट्टी केली. पंधरा दिवसांनी बोटं काळी पडली. तिथले डॉक्टर म्हणाले, इथं थांबू नका. मग वरव्याला दिलेली आमची लेक सुनीता आणि जावई गाडी घेऊन आले आणि पुण्याला नेलं.

मोठ्या डॉक्टरांनी पाय बघितला, फोटो बघितले. चांगला माणूस होता. खुर्ची ओढून आमच्यासमोर बसला. म्हणाला, "बाबा, घोट्यापासून खालचा भाग काढावा लागेल. आज-उद्यात काढला तर वरचा पाय वाचेल. आजी कृत्रिम पाऊल लावून चालतील. तुम्ही विचार करा, आपसांत बोला, मी संध्याकाळी येतो."

सुनीता खाली औषधं आणायला गेली होती. अनसूया खाटेवर, पाय उशीवर. डॉक्टर उठतोय तोवर मी म्हणालो, "विचार कसला? पाय कापायचा न्हाई."

डॉक्टर म्हणाला, "बाबा, वेळ आहे."

"वेळ लावून काय वेगळं हुनार? न्हाई म्हंजे न्हाई. सही करनार न्हाई."

मी तिच्याकडं बघितलं नाही. मला वाटत होतं की मी तिला वाचवतोय. साठ वर्षं शेतात राबलेली बाई, तिला पांगळी करून घरी न्यायची? हा माझा पहिला विचार होता, आणि पहिला विचार खरा, हे मी माझ्या धंद्यात शिकलोच होतो.

सुनीता वर आली. तिला कळलं. म्हणाली, "आबा, आईला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? घाबरून जाईल ती."

"पाय तिचा हाय आबा."

"तू गप बस. गाडी बघ."

अनसूया भिंतीकडं तोंड करून होती. काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं मी धरलं. चाळीस वर्षं गप बसलेल्या माणसाचा अर्थ लावत होतो मी. एकदा तर असा लावला होता की त्या माणसाचं अर्धं अंग गेलं. तरी धरलं.

घरी आणली. नसरापूरला एक जण जडीबुटीची पट्टी बांधतो, तिथं तीन फेऱ्या केल्या. पहिल्या आठवड्यात वास कमी झाला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, उगाच कापला असता. तिसऱ्या आठवड्यात तिला हुडहुडी भरून ताप आला आणि ती मला ओळखेना. परत गाडी, परत तेच हॉस्पिटल.

तेच डॉक्टर. मला वाटलं बोलतील. बोलले नाहीत. सलाईन, इंजेक्शनं लावली. दोन दिवसांनी ती शुद्धीवर आली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते खाटेजवळ उभे राहिले आणि ह्या वेळी माझ्याशी नाही, तिच्याशी बोलले. "आजी, विष रक्तात गेलंय. आता गुडघ्याच्या वरनं काढावा लागेल. तरी मी खात्री देत नाही. नाही काढला तर औषधावर थोडे दिवस. तुम्ही सांगा."

ती म्हणाली, "सांगते. वाईच दम घेऊ द्या."

ते गेले. सुनीता चहाला गेली होती. मी स्टुलावर. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, जे तीन आठवड्यांपूर्वी विचारायचं होतं. "अनसा, त्या दिशी तुला इचारलं असतं, तर काय म्हनली असतीस?"

तिनं वेळ घेतला नाही. "म्हनले असते, कापा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलून मोकळं झालता. एवढ्या मोठ्या डाक्तरापुढं तुमाला खोटं पाडू का?"

मी ह्याच्यावर पुष्कळ विचार केलाय. ती घाबरली नव्हती. तिला कळतही होतं. नवऱ्यानं चारचौघांत शब्द टाकला की तो उचलायचा नाही, एवढंच तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि ते तिनं पायापरीस मोठं धरलं. मी मेव्हण्याला टेबलावरनं उठवणारा माणूस. माझ्या घरात मीच दुसऱ्याच्या पाळीला बोललो, आणि मला उठवणारं तिथं कोणी नव्हतं. सुनीतेनं बघितलं उठवून, तिला मी गप केली.

मी म्हणालो, "आता तू सांगशील तसं. मी बोलनार न्हाई."

"बसा मग गप," ती म्हणाली.

नऊ वाजले असतील. ती वर पंख्याकडं बघत पडली. मधेच डोळे मिटायची. मला वाटायचं झोप लागली, तर विचारायची, "संडासाला पायऱ्या किती ओ?"

"तीन."

"तीन न्हाई, चार. खालची मातीत गेलीया." मग परत गप. मग, "तिथं भिताडाला धरायला कायतरी लागंल. पाईप बसवा आडवा. माज्या छातीएवढा नको, कमरंएवढा. मी उडी मारत जानार."

"बसवतो."

"म्हस इकावी लागंल."

"मी काढीन की धार."

"तुमाला लाथ घालती ती. सुनीचा नवरा नेईल का इचारा."

परत बराच वेळ. मग म्हणाली, "लावणीला चिखलात बसून सरकता येत आसंल का? भाताचं तरवं हातात द्यायला कुनी आसलं तर?"

मी म्हणालो नाही, की येत नाही. मी बोलणार नाही म्हणून सांगितलं होतं.

नर्स आली. "आजोबा, काय ठरलं? डॉक्टरांना ऑपरेशनला जायचंय."

"ठरतंय."

"अजून किती वेळ लागेल?"

"ते मला इचारू नका. तिला बी इचारू नका."

ती गेली, परत आली, परत गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी दारातच उभा राहिलो आणि तिला आत येऊ दिलं नाही. मनात आकडे आपोआप यायला लागले होते. लाभ, दोन. ते मी थांबवले. थांबवायला लई जड गेलं.

जेवणाची गाडी आली तेव्हा अनसूया म्हणाली, "बोलवा डाक्तरांना. कापा म्हनावं." आणि मग मला म्हणाली, "अन पाईपचं आत्ताच सांगा बाळूला. तुमी इसरताल."

ह्या बाईला जगायचं होतं. एका पायावर, बसून, सरकत, कसंही. पहिल्या वेळी मी तिला पांगळेपणातनं सोडवायला निघालो होतो, आणि तिनं ते मनात कधीच नीट लावून ठेवलं होतं, पायऱ्यांसकट.

तिला आत नेलं. मी बाहेर जिन्यात बसून गावाकडं बाळू गवंड्याला फोन लावला. म्हणालो, संडासाच्या भिंतीला आडवा पाईप बसव, कमरेएवढा. तो म्हणाला, "कुनाच्या कमरंएवढा?" मी म्हणालो, "तिच्या." म्हणाला, "बसवतो आजच. वैनी कवा येत्यात?" मी म्हणालो, "येतील."

ऑपरेशन झालं. एक दिवस ती बोलली, पाणी मागितलं, सुनीतेला म्हणाली केस विंचर. दुसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, "आम्हाला उशीर झाला." आम्हाला म्हणाले. चांगला माणूस.

सुनीता माझ्याशी बोलते. जेवायला बोलावते. त्या दिवसाबद्दल एकदाच बोलली. म्हणाली, "आबा, तुमी वाईट मनानं न्हाई केलं." मी म्हणालो, "मन कुठं बघतंय कोण?" ती रडली. मी हे तिला बोलायला नको होतं.

लोक विचारतात, टेबलावर किती वेळ घ्यावा. अजून विचारतात, आता मोबाईलवर खेळणारी पोरं विचारतात. त्यांच्या पडद्यावर म्हणे एक पट्टी सरकत असते, ती संपली की हात गेला. त्यांना मी एवढंच सांगतो, आधी बघ पाळी कुणाची आहे. त्यांना वाटतं म्हातारा खेळातलं सांगतोय.

बाळूनं पाईप बसवला होता. आम्ही तिला घेऊन आलो तेव्हा सिमेंट पाणी मारून ओलं ठेवलेलं होतं. नीट, कमरेएवढा. माझ्या मात्र मांडीला लागतो, ती बुटकी होती. अंधूक उजेडात दोनदा ठेचाळलो त्याला. दहाव्याला बाळू आला तेव्हा म्हणाला, "दादा, काढून टाकू का? आडवा येतो तुमाला." मी म्हणालो, सांगतो. भाताची लावणी झाली तेव्हा परत विचारलं. गणपतीत परत विचारलं. पाच मिनिटांचं काम आहे म्हणतो, छिन्नी घेऊनच आला होता.

मी अजून सांगितलेलं नाही.